बिग बेन पाहायचे राहिले

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाला आमच्या हिंगोलीत तीन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे थंडी किती असते, तिकडे खायला काय मिळते आणि तुम्ही बिग बेन पाहिले का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी आता झोपेतसुद्धा देऊ शकते. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र माझी जीभ अडखळते. पाहिले असे म्हणवत नाही आणि पाहिले नाही असेही म्हणवत नाही. दिवाळीच्या दिवसांत फराळाचे ताट पुढ्यात घेऊन कोणी ना कोणी हा प्रश्न पुन्हा विचारणारच. तेव्हा काय ते एकदाचे लिहून टाकावे, म्हणून हा खटाटोप.

गोष्ट २०१८ सालची. भाषा शिकविणाऱ्यांसाठी भाषांतराचा सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम इंग्लंडात लीड्स येथे होता आणि त्याची शिष्यवृत्ती अनपेक्षितपणे माझ्या पदरात पडली होती. “मराठी शिकवायला विलायतेला कशाला जावं लागतं?” हा प्रश्न कॉलेजातल्या शिपायापासून माझ्या नणंदेपर्यंत सर्वांनी विचारला. विचारला नाही तो फक्त सासूबाईंनी. त्या एवढेच म्हणाल्या, “जा की बाई. पण जायच्या आधी मला एकदा नर्सीला नेऊन आण.”

नर्सी म्हणजे संत नामदेवांचे जन्मगाव. आमच्या घरापासून उणापुरा पाऊण तासाचा रस्ता. कयाधू नदीच्या काठी हे गाव आहे. पंढरपूरची आषाढी करून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला तिथे लोटतात. तिला आमच्याकडे परतवारी म्हणतात. सासूबाईंनी तरुणपणापासून परतवारी कधी चुकविली नव्हती. पण गुडघे धरले आणि एस.टी.ची पायरी त्यांना गडाच्या पायरीसारखी वाटू लागली. तेव्हापासून दोन वर्षे त्यांचे हे एकच मागणे. आणि दोन वर्षे माझी उत्तरे ठरलेली. आज पेपर तपासायचे आहेत, उद्या तपासणी समिती यायची आहे, परवा गाडी दुरुस्तीला टाकली आहे. आताही मी म्हणाले, “आई, नर्सी कुठं पळून जाते? आल्यावर जाऊ.”

“नर्सी नाही गं पळत,” त्या म्हणाल्या, आणि जपमाळ घेऊन बसल्या.

असो. सहा महिने इंग्लंडात राहून लंडन न पाहता परतणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडविण्यासारखे. म्हणून मी ऑक्टोबर महिन्यातले २७ आणि २८ असे शनिवार-रविवार गाठले. अडचण मुक्कामाची होती. लंडनच्या हॉटेलांचे दर वाचले की मी मनातल्या मनात नव्वदने गुणी आणि मग अंथरुणात शिरून पडून राही. शेवटी नांदेडची माझी एक सरदारीण मैत्रीण मदतीला धावली. तिची नणंद लंडनच्या पश्चिमेला साउथॉल भागात राहते. “एका रात्रीचं काय, महिनाभर राहा,” असा निरोप आला. वहीत मी पाहावयाच्या स्थळांची यादी केली. शनिवारी सात आणि रविवारी पाच. बेरीज बारा झाली तेव्हा बारा ज्योतिर्लिंगांची आठवण झाली आणि यात्रा पुण्यप्रद होणार अशी खात्री पटली.

शनिवारी पहाटेची बस धरून मी अकराच्या सुमाराला लंडनात उतरले. अंगात साडी, साडीवर कोट, पायांत मुलाचे खेळाचे बूट. त्यात त्या दिवशी संकष्टी. पिशवीतली केळी आणि शेंगदाणे खात मी जगातल्या एका महानगरात शिरले.

ट्राफल्गार चौकात नेल्सनला इतक्या उंच खांबावर उभे केले आहे की त्या बिचाऱ्याचे तोंडच दिसत नाही. माणसाला फार वर चढविले की असेच होते. त्यापेक्षा खालच्या चौथऱ्यावर उभा असलेला एक सेनापती मला ओळखीचा वाटला. नाव वाचले, हॅवलॉक. १८५७ साली कानपूर-लखनौकडे लढलेला आणि त्याच वर्षी लखनौला मेलेला. त्याचा हा पुतळा १८६१ सालचा. शाळेच्या इतिहासात भेटलेला शत्रू परक्या मुलखात एकदम समोर यावा आणि गावाकडचे कोणी भेटल्यासारखे वाटावे, असे काहीसे झाले.

तिथून चालत पार्लमेंटकडे गेले. नजर वर करते तो काय! बिग बेनचा तो जगप्रसिद्ध मनोरा नखशिखान्त परांचीत गुंडाळलेला! लोखंडी नळ्या, फळ्या आणि जाळ्या. एखाद्या मोठ्या माणसाला भेटायला जावे आणि तो इस्पितळात प्लास्टरमध्ये पडलेला असावा, तसे. बिग बेन हे खरे तर आतल्या घंटेचे नाव. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ मनोरा म्हणतात. दुरुस्तीसाठी घंटा २०१७ च्या ऑगस्टपासून मुकी केली होती, ती २०२२ साली पुन्हा नियमित वाजू लागली. म्हणजे घंटा ऐकू येईना आणि मनोरा दिसेना. आता सांगा, मी बिग बेन पाहिले की नाही?

समोरच्या चौकात २०१५ साली उभारलेला गांधीजींचा पुतळा आहे. त्या थंडीत त्यांचे ते उघडे पाय पाहून मलाच हुडहुडी भरली. बाकीची स्थळे मी आमच्याकडे गर्दीच्या दिवशी देवाचे मुखदर्शन घेतात तशी उरकली आणि संध्याकाळी पॅडिंग्टनहून साउथॉलची गाडी धरली.

साउथॉल स्टेशनावर गावाचे नाव इंग्रजीखाली गुरुमुखीत लिहिलेले आहे. ती अक्षरे मला वाचता येत नाहीत. तरी त्यांच्या वळणांना देवनागरीच्या घरचा काहीतरी नातेसंबंध आहे, एवढ्यानेच मला हायसे वाटले. १९५० नंतर कारखान्यांत राबायला आलेल्या पंजाब्यांनी वसविलेला हा भाग. रस्त्यावर जिलेबीचा वास, काचेच्या बांगड्या आणि पदपथावर मेंदी काढून घेणाऱ्या बायकांच्या रांगा. आमच्या संकष्टीच्याच दिवशी त्यांची करवा चौथ होती. एकाच चंद्राची वाट पाहणाऱ्या इतक्या बायका लंडनमध्ये भेटतील, असे कोणत्याच मार्गदर्शकात लिहिलेले नव्हते.

मैत्रिणीची नणंद साठीची, हसतमुख. मी तिला दीदी म्हणू लागले. रात्री जेवताना तिने सांगितले, “आज घड्याळ एक तास मागे घ्यायचं.” इंग्लंडात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे सगळी घड्याळे अशी मागे सरतात. मला फार आनंद झाला. ब्रिटिश म्युझियमला एक तास जास्त मिळणार! दीदी म्हणाली, “हा तास तुला फुकट मिळाला आहे. तो उद्या गुरूच्या घरी दे. नऊला जाऊ, माथा टेकू, दहाला तू मोकळी.” यजमानीण बाईला नाही म्हणणे मला जमले नाही.

सकाळी गुरुद्वाऱ्याकडे निघालो आणि रस्त्याच्या नावाची पाटी पाहून मी थबकले. हॅवलॉक रोड! काल चौथऱ्यावर भेटलेले गृहस्थ आज पाटीवर हजर. आणि त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर सोनेरी घुमटाचा, २००३ साली उघडलेला हा भव्य गुरुद्वारा. पुढे २०२१ साली गुरुद्वाऱ्याजवळच्या त्या तुकड्याला गुरु नानकांचे नाव दिले गेले. इतिहास कधी कधी आपल्या चुका अशा नगरपालिकेच्या पाट्यांवर दुरुस्त करतो.

आत जाताना सगळ्या बायका ओढण्या सावरीत होत्या. मी डोक्यावर पदर घेतला. सासूबाईंसमोरही जो मी कधी घेतला नव्हता, तो हॅवलॉक रोडवर घेतला. मोठ्या दालनात कीर्तन चालू होते. म्हणजे आपल्यासारखे उभे राहून, निरूपण करीत केलेले नव्हे. दोन पेट्या, तबला आणि बसून गायलेले पद. शब्द कळत नव्हते. मनातल्या मनात मी म्युझियमची दालने मोजीत होते. एवढ्यात कानांवर एक शब्द आला: “बीठल”.

मी दचकले. पुन्हा आला. पुन्हा आला. भिंतीवरच्या पडद्यावर पदाचे इंग्रजी भाषांतर दिसत होते आणि तिथे त्या जागी नुसते ‘लॉर्ड’ असे लिहिलेले होते. मी भाषांतर शिकायला आले होते. मूळ शब्द भाषांतरात कसा हरवतो, यावर आठवड्यापूर्वीच मी एक निबंध लिहून दिला होता. पण पंढरीचा विठ्ठल माझ्या डोळ्यांदेखत ‘लॉर्ड’मध्ये विरघळलेला आणि गाणाऱ्याच्या गळ्यात मात्र जसाच्या तसा उभा, हे मी पहिल्यांदा पाहिले. पदाच्या शेवटी ‘नामा’ आला आणि मला कळले की हे आमच्या नामदेवांचे पद.

वास्तविक मला हे ठाऊक नव्हते असे नाही. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत, पंजाबातल्या घुमानला त्यांचे दीर्घ वास्तव्य झाल्याचे परंपरा सांगते, आणि २०१५ चे अठ्ठ्याऐंशीवे साहित्य संमेलन म्हणूनच घुमानला भरले होते. हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले आहे. ‘नामदेवांचे पंजाबातील कार्य, गुण दहा.’ मुले खाली मान घालून लिहून घेतात आणि मीही त्यांच्या डोक्यांकडे पाहात सांगते. पण वर्गात सांगितलेली गोष्ट आणि कानांवर पडलेली गोष्ट यांत लीड्सपासून हिंगोलीइतके अंतर असते.

दहा वाजले. दीदी म्हणाली, “आता लंगरात पाच मिनिटं.” लंगराचे स्वयंपाकघर म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या लग्नाचा मुदपाकखाना, फरक एवढाच की कोणी कोणावर ओरडत नव्हते. लांब टेबलाभोवती दहाबारा बायका रोट्या लाटीत होत्या. नुसते उभे राहणे बरे दिसेना, म्हणून मीही लाटणे घेतले. सवयीने गोळा लाटला, तेल लावले, घडी घातली, त्रिकोण केला. शेजारची ऐंशीच्या घरातली म्हातारी माझ्या हाताकडे पाहात राहिली. सगळे तिला बीजी म्हणत होते.

“बेटी, ये समोसा है क्या?” तिने विचारले, आणि सगळे टेबल हसले.

मी सांगितले की ही घडीची पोळी, आमच्याकडे अशीच करतात. “आमच्याकडे म्हणजे कुठे?” मी सवयीने म्हणाले, “मुंबईच्या बाजूला.” हिंगोली कोणाला ठाऊक असणार? पण दीदी म्हणाली, “मुंबई नाही हो. ही तर हुजूर साहिबजवळची.”

नांदेडचे नाव निघाले आणि लाटणी थांबली. गुरु गोबिंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला, ते नांदेड. दोघीतिघी तिथे जाऊन आल्या होत्या. मग मला उत्साह आला. मी म्हणाले, “नांदेडपासून दोन तासांवर माझं गाव, आणि माझ्या गावाजवळ नर्सी आहे. भगत नामदेवांचं जन्मगाव.”

बीजीने पिठाचे हात ओढणीला पुसले आणि माझा हात धरला. “तू नामदेवजींच्या गावची?” ती म्हणाली. “मी दोन वेळा हुजूर साहिबला आले. दोन तासांवर ते गाव आहे, हे मला कोणी सांगितलंच नाही!”

मग तिने मला ती गोष्ट सांगितली. शिंप्याच्या जातीचा म्हणून नामदेवांना देवळातून उठविले. ते देवळाच्या मागे जाऊन भजन करू लागले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. ही गोष्ट त्यांच्या ग्रंथातल्या नामदेवांच्याच एका पदात आहे. ती संपवून बीजी म्हणाली, “कुठं असेल बरं ते देऊळ?”

मी म्हणाले, “आमच्या जिल्ह्यात. औंढ्याला. नागनाथाचं. लोक सांगतात, ते हेच.”

टेबलाभोवती क्षणभर कोणी बोलेना. मग प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. देऊळ कसे आहे? खाली उतरून दर्शन घ्यावे लागते, हे मी सांगितले. दगडावर कोरीव काम आहे, हे सांगितले. इथवर ठीक होते. मग बीजीने विचारले, “आणि नर्सी कशी आहे? नदी आहे का? नदीला पाणी असतं? देवळाचं दार कुठल्या दिशेला? समोर झाड कोणतं?”

आता काय सांगावे? नामदेवांच्या जन्मशकाविषयी मी तासभर बोलू शकले असते. जन्मस्थानाविषयी पंडितांचे काय वाद आहेत, तेही सांगू शकले असते. पण दार कुठल्या दिशेला आहे, हे मला आठवेना. मी नर्सीला शेवटचे गेले त्याला अकरा वर्षे झाली होती, आणि तेव्हाही गाडीत बसून पेपर तपासले होते. शिकवायला अठरा वर्षे, अंतर पाऊण तास, आणि झाड कोणते ते ठाऊक नाही! पिठाने भरलेले दहा-बारा चेहरे माझ्याकडे पाहात होते. मी खोटे बोलले. म्हणाले, “नदी आहे ना. बारा महिने पाणी असतं. झाड वडाचं आहे.”

“बारा महिने!” बीजी समाधानाने म्हणाली आणि पुढची रोटी लाटायला घेतली.

त्यानंतर मला तिथून निघवेना. एकीने तव्यावर माझी पोळी टाकली, ती टम्म फुगली, तर तिचे कौतुक झाले. मीही मग मुकाट्याने त्यांच्यासारख्या रोट्या लाटू लागले. घड्याळाने दिलेला जास्तीचा तास केव्हाच खर्च झाला होता आणि त्यानंतरचे दोनही. पंगतीत जमिनीवर बसून जेवले तेव्हा दीड वाजत होता आणि चारला माझी लीड्सची बस होती. ब्रिटिश म्युझियम, सेंट पॉल, सगळे राहिले. बाराच्या यादीतली पाच ज्योतिर्लिंगे तशीच वहीत राहिली.

निघताना बीजीने माझ्या मुठीत एक नाणे ठेवले. बारा कोनांचा नवा पौंड. “नामदेवजींच्या पायाशी ठेव,” ती म्हणाली. “आणि माझ्या वतीनं माथा टेक. माझ्याच्यानं आता विमानात बसवत नाही. गुडघे.”

गुडघे! बसमध्ये साडेचार तास ते नाणे माझ्या मुठीत होते. बीजीचे गुडघे हजारो कोसांवर होते आणि आमच्या घरातले गुडघे नर्सीपासून पाऊण तासावर. एकीचा निरोप मी तत्काळ घेतला होता. दुसरीला दोन वर्षे ‘आल्यावर जाऊ’ म्हणून टाळले होते. लंडनचे दिवे मागे पडत गेले, पण माझे तिकडे लक्ष नव्हते.

मार्चमध्ये मी परत आले. पहिल्याच रविवारी सासूबाईंना म्हणाले, “चला, नर्सीला.” त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. “आज पेपर नाहीत?”

“आहेत,” मी म्हणाले. “चला.”

गाडीतून उतरवताना ह्यांनी एक हात धरला, मी दुसरा. कयाधू आटली होती. वाळू, दगड आणि मधून मधून हिरवी डबकी. मला शरमल्यासारखे झाले. सासूबाईंना मी सगळी हकीगत सांगितली. खोटे बोलल्याचेही सांगितले. त्या म्हणाल्या, “मला विचारलं असतंस तर सगळं सांगितलं असतं. मी परतवारीला येताना दरसाल बघत होते.” मग त्यांनी मला दार दाखविले, झाड दाखविले. ते वडाचे नव्हते.

नाणे ठेवून मी बीजीच्या वतीने माथा टेकला. सासूबाईंनी विचारले, “तिचं नाव काय म्हणालीस?” नाव मी विचारलेच नव्हते, सगळे बीजी म्हणत, म्हणून मीही म्हणत होते. “बीजी म्हणजे?” मी म्हणाले, “आई.” सासूबाईंनी पुन्हा एकदा, गुडघा धरून, वाकून नमस्कार केला. “हा तिचा,” त्या म्हणाल्या. “तू केलास तो तुझाच धर. तुझ्याकडे बाकी फार आहे.”

त्या रात्री मी कोरड्या नदीचे छायाचित्र दीदीला फोनवर पाठविले आणि खाली खरे काय ते लिहिले. दोन दिवसांनी उत्तर आले: बीजी म्हणतात, काही हरकत नाही, पाऊस पडला की पुन्हा एक फोटो पाठव. त्यामुळे पावसाळ्यात नदीला पाणी आल्यावर पुन्हा जावे लागले. नंतर पुन्हा. आता दर वर्षी परतवारीच्या सुमाराला सासूबाई गर्दी टाळून आदल्या आठवड्यातला एखादा दिवस ठरवितात आणि मला फक्त तारीख कळवितात. माझ्या वर्गातली मुलेही एकदा येऊन गेली. दहा गुणांचा प्रश्न अजून आहे. पण आता झाड कोणते, हे विचारल्याशिवाय मी तो शिकवीत नाही.

राहता राहिला बिग बेनचा प्रश्न. त्याचे उत्तर आमच्या घरी सासूबाईच देऊन टाकतात. शेजारच्या बायका जमल्या आणि कोणी विचारले की सूनबाईंनी लंडनमध्ये काय काय पाहिले, तर त्या मोठ्या अभिमानाने सांगतात, “पाहायला वेळ कुठला? लंडनला पोळ्या लाटायला गेली होती ती!”